सात हजार पाचशे रॉबर्ट स्मिथ

आमच्या ऑफिसात तीन अमित कुलकर्णी आहेत. एक टेस्टिंगमधे, एक फायनान्समधे आणि एक हैदराबादच्या ऑफिसात. मेल लिहिताना 'अमित के' एवढं टाइप केलं की तिघं एकाखाली एक येऊन उभे राहतात आणि घाईत बोट नेमकं चुकीच्या अमितवर पडतं. गेल्या महिन्यात रिलीजच्या आदल्या रात्री मी एक भलीमोठी लॉग फाइल फायनान्सवाल्या अमितला पाठवली आणि टेस्टिंगवाल्याच्या उत्तराची वाट बघत रात्री दोनपर्यंत जागा राहिलो. सकाळी फायनान्सवाल्याचं नम्र उत्तर आलं, की हे बहुतेक माझ्यासाठी नसावं, आणि मला त्यातलं काही कळलंही नाही.

त्या शनिवारी चहाचा कप घेऊन इकडचं तिकडचं वाचत बसलो होतो, तेव्हा एक आकडा समोर आला आणि माझे तीन अमित एकदम किरकोळ वाटायला लागले. १९४५ साली, दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात अमेरिकन सैन्याची एक पलटण टपाल लावायचं काम करत होती. तिच्याकडच्या कार्डांमधे रॉबर्ट स्मिथ या एकाच नावाची ७,५०० माणसं होती.

या पलटणीचं पूर्ण नाव ६८८८ वी सेंट्रल पोस्टल डिरेक्टरी बटालियन. तोंडी नाव 'सिक्स ट्रिपल एट'. एकूण ८५५ बायका, जवळपास सगळ्या कृष्णवर्णीय, आणि त्यांच्या अधिकारीही त्यांच्यातल्याच. त्या युद्धात अमेरिकेनं परदेशी पाठवलेली अशी ही एकमेव पलटण. २०२४ च्या डिसेंबरमधे नेटफ्लिक्सवर याच नावाचा सिनेमा आला, तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मीही पाहिला. केरी वॉशिंग्टन झकास आहे, प्रेमकथा आहे, डोळे पुसायची सोय आहे. पण मी ज्यासाठी बसलो होतो ते, म्हणजे ही कार्डांची भानगड नक्की चालायची कशी, त्याला सिनेमात फारसा वेळ नाही. म्हणून हा उपद्व्याप.

सैन्याची रसद म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दारूगोळा, पेट्रोल आणि पिठाची पोती येतात. या सगळ्या मालाचा एक सोयीचा गुण असा की एक डबा दुसऱ्या डब्यासारखाच असतो. एका तुकडीचं पेट्रोल दुसरीला गेलं तरी रणगाडा चालतो. पत्राचं तसं नाही. ते एकाच माणसासाठी असतं, दुसऱ्या कोणाच्या हातात पडलं तर त्याची किंमत शून्य. म्हणजे प्रत्येक नगाला वेगळं गिऱ्हाईक, आणि ते गिऱ्हाईक रोज जागा बदलतंय. वर मधूनमधून मरतंयसुद्धा.

इथे थोडं विषयांतर करतो. माझा मोठा मामा सैन्यात होता. मी पहिली-दुसरीत असताना आजोळी साताऱ्याकडे गेलो की त्याला पाठवायचं निळं आंतरदेशीय पेटीत टाकायचं काम माझ्याकडे असे. आजी सांगायची, आई लिहायची. पत्त्यात मामाचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी 'द्वारा ५६ एपीओ'. गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. आजीला ते कधीच पटलं नाही. दर वेळी विचारायची, "आरं पण ह्ये छप्पन कुठं आलं?" आई म्हणायची, "आई, ते सैन्याचं पोस्ट आहे, ते बघतात." मामा त्या काळात अरुणाचलमधे होता, हे आम्हाला तो सुट्टीवर आला तेव्हा कळलं. पत्रं मात्र सगळी पोचलेली होती.

मी इंजिनिअरिंगला गेल्यावर सी भाषा शिकताना पॉइंटर हा प्रकार आला, तेव्हा वर्गातली अर्धी पोरं डोकं धरून बसली होती. मला मात्र लगेच समजला, कारण ५६ एपीओ म्हणजे पॉइंटरच की! पाकिटावर जागा लिहायचीच नाही. पाकिटावर एक आकडा लिहायचा, आणि तो आकडा आज कुठल्या जागेकडे बोट दाखवतो याची नोंद सैन्यानं स्वतःकडे ठेवायची. शत्रूला काही कळत नाही, आणि युनिट हललं तरी आजीला नवा पत्ता पाठवावा लागत नाही.

१९४५ मधे अमेरिकन सैन्यातही हेच चालायचं. नाव, हुद्दा, सिरियल नंबर, तुकडी, एपीओ नंबर, द्वारा पोस्टमास्तर, न्यूयॉर्क. तुकडी हलली की तिचं टपाल तिच्यामागे जाणार. इथपर्यंत ठीक.

गोची पुढे आहे. तुकडी हलते तेव्हा नोंद एका ठिकाणी बदलायची असते. पण माणूस तुकडीतून हलला तर? जखमी होऊन इस्पितळात गेला, बरा होऊन भलत्याच तुकडीत भरती झाला, शत्रूच्या हाती लागला, मेला. घरच्यांना यातलं काहीच माहीत नसतं, ते जुन्याच पत्त्यावर लिहीत राहतात. आता टपाल जुन्या तुकडीकडे जातं आणि तिथे तो माणूस नसतो. आमच्या भाषेत डँगलिंग पॉइंटर.

६ जून १९४४ ला दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं आणि त्यानंतर सगळं युरोप ढवळून निघालं. आघाडी शेकडो मैल सरकली. डिसेंबरमधे आर्देनच्या जंगलात जर्मनांनी अचानक हल्ला चढवला आणि अमेरिकन तुकड्यांची फाटाफूट झाली. त्या वेळी सैनिक, सरकारी नोकर, रेडक्रॉसवाले असे सगळे मिळून युरोपात सुमारे ७० लाख अमेरिकन माणसं होती. त्यांची न पोचलेली पत्रं आणि पार्सलं बर्मिंगहॅमच्या गोदामांत येऊन साठत गेली. नाताळची पार्सलं फेब्रुवारीत तशीच पडून होती.

गंमत म्हणजे पत्रं वाहून नेण्याचा प्रश्न अमेरिकेनं फार हुशारीनं सोडवला होता. १९४२ पासून व्ही-मेल नावाची सोय होती. ठरावीक कागदावर पत्र लिहायचं, त्याचा मायक्रोफिल्मवर फोटो काढायचा, रीळ विमानानं पाठवायचं आणि पलीकडे परत कागदावर छापायचं. दीड लाख पत्रांना एरवी ३७ पोती लागायची, ती एका पोत्यात मावायला लागली. उत्तम कॉम्प्रेशन! पण पोतं समुद्रापार गेल्यावर त्यातला रॉबर्ट स्मिथ कोणता, हा प्रश्न कॉम्प्रेशननं सुटत नाही. तिथे माणूसच लागतो.

आता ही माणसं आली कुठून ते बघू.

अमेरिकेत तेव्हा सैन्यातही वर्णभेद होता, आणि तो चोरूनमारून नव्हे, रीतसर नियमानं. वेगळ्या तुकड्या, वेगळ्या बराकी, वेगळी जेवणाची टेबलं. बायकांसाठी १९४२ मधे लष्करी दल निघालं (पुढे त्याचं नाव विमेन्स आर्मी कोअर झालं), त्यातही कृष्णवर्णीयांना दहा टक्क्यांची मर्यादा. गोऱ्या मुली युरोपात कामाला जात होत्या, कृष्णवर्णीय मुलींना मात्र देशातल्याच छावण्यांत ठेवलं होतं. मेरी मॅक्लाउड बेथ्यून या शिक्षणक्षेत्रातल्या मोठ्या कार्यकर्त्या बाई आणि राष्ट्राध्यक्षांची पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्यासाठी जोर लावला, कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी लावून धरलं, तेव्हा कुठे १९४४ च्या अखेरीस एक पलटण पाठवायचं ठरलं. म्हणजे एकीकडे गोदामं तुंबलेली, हाताला माणूस नाही, आणि दुसरीकडे काम करायला तयार असलेल्या शेकडो शिकलेल्या मुली नियमात बसत नाहीत म्हणून घरी बसवलेल्या. असले नियम करणारी माणसं कुठल्या देशात नसतात म्हणा.

पलटणीची मुख्य होती मेजर चॅरिटी अ‍ॅडम्स. वय २६. बाई मूळच्या गणिताच्या शिक्षिका! साउथ कॅरोलायनात शाळेत शिकवत होत्या. १९४२ च्या उन्हाळ्यात आयोवातल्या फोर्ट डी मॉइनला अधिकाऱ्यांची पहिली तुकडी शिकायला आली, ४४० जणींची. त्यात कृष्णवर्णीय चाळीसच्या आसपास, आणि अ‍ॅडम्स त्यांतल्या एक. परदेशी जायचा हुकूम आला तो बंद लिफाफ्यात, विमान उडाल्यावरच उघडायचा. उघडला तेव्हा कळलं की आपण लंडनला चाललोय. काम काय हे नंतर.

बाकीच्या मुलींनी जॉर्जियातल्या फोर्ट ओगलथॉर्पला प्रशिक्षण घेतलं. गॅसचे मुखवटे घालून कवायत, जहाजावरून उतरण्यासाठी दोरांच्या जाळ्यांवर चढउतार, चिखलात सरपटणं. टपाल लावायला हे सगळं कशाला असं वाटेल, पण समुद्रात जर्मन पाणबुड्या होत्या. पहिली तुकडी ३ फेब्रुवारी १९४५ ला 'ईल द फ्रान्स' जहाजातून निघाली, महिन्याच्या मध्यात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला उतरली आणि रेल्वेनं बर्मिंगहॅमला आली. दुसरी तुकडी सुमारे दीड महिन्यानं पोचली. राहायला किंग एडवर्ड्स स्कूल नावाची मुलांची शाळा दिली होती.

आणि मग ती गोदामं. छतापर्यंत पोती. हवाई हल्ल्यांच्या भीतीनं काचा काळ्या रंगवलेल्या, त्यामुळे भर दुपारी अंधार. शेगडी नाही, हीटर नाही. इंग्लंडमधला फेब्रुवारी. मुली कोटाखाली लांब लोकरी कपडे आणि जाड विजारी चढवून उभ्या. नाताळच्या पार्सलांमधे घरून पाठवलेले केक नि बिस्किटं कुजली होती आणि त्यांच्यावर उंदीर पोसले होते. एकेक उंदीर मांजराएवढा, असं म्हणतात. (आमच्या जुन्या ऑफिसच्या सर्व्हर रूममधे एकदा उंदरानं केबल कुरतडली होती तर आम्ही आठवडाभर सांगत फिरत होतो. असो.)

अ‍ॅडम्सबाईंनी काम तीन पाळ्यांत लावलं. आठ-आठ तास, आठवड्याचे सातही दिवस. प्रत्येक पाळीत सुमारे ६५,००० नग हातावेगळे होत. मी लगेच भागाकार केला, सवयच आहे: सेकंदाला दोनापेक्षा जास्त. अर्थात हे सगळ्या पाळीचं मिळून, पण तरी विचार करा. नुसतं पाकीट उचलून डाव्या-उजव्या पेटीत टाकायचं नाहीये. आधी त्या माणसाचं कार्ड शोधायचं.

कार्डांचा प्रकार असा. युरोपातल्या त्या ७० लाख माणसांपैकी प्रत्येकाचं एक कार्ड. त्यावर नाव, सिरियल नंबर आणि सध्याची तुकडी. माणसाची बदली झाली की कळवणारा कागद यायचा आणि कार्ड दुरुस्त व्हायचं. म्हणजे ७० लाख रेकॉर्ड्सचा डेटाबेस, पुठ्ठ्याचा, आणि त्यात वाचणं आणि बदलणं एकाच वेळी चालू, चोवीस तास. तुमच्यापैकी जे डेटाबेसवाले आहेत त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. शोधणारी मुलगी कार्ड घेऊन बसली असेल आणि दुरुस्त करणारीला तेच कार्ड हवं असेल तर काय? थांबायचं. आपण याला लॉक म्हणतो आणि त्यावर पुस्तकं लिहितो.

नावानं लावलेल्या कार्डांत एखादं विचित्र आडनाव आलं की काम सोपं. सात हजार पाचशे रॉबर्ट स्मिथ आले की बोंब. अशा वेळी सिरियल नंबरच खरा, तो एकाचा एकालाच. पण पत्र लिहिणाऱ्या आईला सिरियल नंबरचं काय? तिच्या दृष्टीनं रॉबर्ट एकच. कित्येक पाकिटांवर नंबर नसायचाच. काहींवर पूर्ण नावही नाही, नुसतंच 'ज्युनिअर, अमेरिकन सैन्य', 'बस्टर, अमेरिकन सैन्य' असं. आपल्याकडे 'बाळू, मिलिटरी' लिहून पेटीत टाकण्यासारखं. मग पाकिटावरचा शिक्का कुठल्या गावचा, पाठवणाऱ्याचं आडनाव काय, असं धरून तर्क लढवायचा आणि त्या बाळूला शोधायचं.

आणि एक ढीग असा होता की ज्याच्यात शोधायचं काहीच नसायचं. कार्ड सापडायचं, आणि कार्डावर लिहिलेलं असायचं की हा माणूस गेला. ते पत्र पाठवणाऱ्याकडे परत जायचं. मी आधी हे वाचून पुढे सरकलो होतो, रात्री झोपताना परत आठवलं. त्या पोरी विशीतल्या. हातात बंद पाकीट, वरच्या अक्षरावरून कळतंय की बाईचं आहे, शिक्का दोन महिन्यांपूर्वीचा. म्हणजे ती लिहीत होती तेव्हा तो होता की नव्हता? काम पाळीत बसून करायचं असतं आणि पुढचं पाकीट समोर असतं. आमच्याकडे एररचे कोड असतात. त्यांच्याकडेही एक प्रकारे होतेच, पण त्यांच्या एररला आई होती.

सहा महिन्यांत हे काम उरकेल असा वरचा अंदाज होता. मुलींनी ते तीन महिन्यांत उरकलं. सगळीकडे आकडा दिलेला असतो १ कोटी ७० लाख नगांचा. मी परत गुणाकार केला. ६५,००० गुणिले तीन पाळ्या गुणिले नव्वद दिवस, बरोबर १ कोटी ७५ लाख ५० हजार. इतकं छान जुळतं की मला आपला संशय येतो, हा आकडा पोती मोजून नव्हे तर मागून गुणाकार करून आला असावा. आमचे तिमाही रिपोर्ट असेच तयार होतात, त्यामुळे वास ओळखीचा वाटला :) पण समजा निम्मा धरला तरी काय कमी आहे?

पलटणीचं स्वयंपाकघर स्वतःचं, गाड्या स्वतःच्या, केस विंचरायचं दुकानसुद्धा स्वतःचं. पहारेकरी मुली होत्या पण त्यांना हत्यार बाळगायची परवानगी नव्हती. त्यांनी मग जुजुत्सू शिकून घेतलं, आणि आगाऊ सैनिकांना फाटकाबाहेर काढायला ते पुरलं. बर्मिंगहॅमच्या लोकांनी त्यांना घरी चहाला बोलावलं. भेदभाव आला तो आपल्याच लोकांकडून. लंडनला सुट्टीवर जाणाऱ्या मुलींसाठी रेडक्रॉसनं 'खास' वेगळं हॉटेल काढलं, सोयी सगळ्या उत्तम. म्हणजे गोऱ्या मुलींच्या हॉटेलात यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अ‍ॅडम्सबाईंनी मुलींना परिस्थिती सांगितली आणि पलटणीनं त्या हॉटेलवर बहिष्कार टाकला.

मग तो जनरलचा प्रसंग. त्याचं नाव बाईंनी आपल्या आठवणींत दिलेलं नाही. तो तपासणीला आला आणि त्याला सगळी पलटण मैदानावर उभी हवी होती. उभी होती फक्त काही भाग. बाकीच्या कुठे आहेत? अ‍ॅडम्सनी सांगितलं, काही आत्ता कामावर आहेत आणि रात्रपाळीवाल्या झोपल्या आहेत. तीन पाळ्या म्हणजे तेच. जनरलचं डोकं फिरलं. तो म्हणाला, पलटण कशी चालवायची हे दाखवायला मी एक गोरा लेफ्टनंट पाठवतो. मेजरला शिकवायला लेफ्टनंट! बाईंनी सगळ्यांसमोर ऐकवलं, की मी जिवंत असेपर्यंत ते होणार नाही, सर.

मी हा भाग तीनदा वाचला. नाइट सपोर्ट ज्यानं केलाय त्याला ती पहिली अर्धी चकमक चांगली ठाऊक असते. सकाळी दहाच्या मीटिंगला का नव्हतास? अरे बाबा, सहाला झोपलो. पण आपण मनातल्या मनात बोलतो आणि कॅमेरा चालू करतो. इथे समोर जनरल, पाठीमागे मैदानावर उभ्या असलेल्या आपल्याच मुली, आणि बाईच्या कातडीचा रंग असा की चुकलं तर दुसरी संधी नाही.

त्यानं कोर्ट मार्शलची तयारी सुरू केली. बाईंनी आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी कागद धुंडाळले. दोस्त सैन्याच्या मुख्यालयाचंच एक पत्रक निघालं होतं, की अधिकाऱ्यांनी वर्णभेदावर बोट ठेवणारी भाषा वापरू नये. 'गोरा लेफ्टनंट' म्हणणारा जनरल त्यात अलगद सापडत होता. त्यांनी उलट आरोपपत्र लिहायला घेतलं आणि जनरलनं आपलं प्रकरण मागे घेतलं. पुढे फ्रान्समधे तोच माणूस येऊन त्यांच्याबद्दल आदरानं बोलून गेला.

मे १९४५ मधे युरोपातलं युद्ध संपलं आणि पलटण फ्रान्समधल्या रुआँ शहरात गेली. तिथे टपालाचा आणखी जुना ढीग, काही पत्रं दोन-तीन वर्षांपूर्वीची. तोही उपसला, फ्रेंच नागरिक आणि जर्मन युद्धकैद्यांना हाताशी घेऊन. त्याच शहरात जोन ऑफ आर्कच्या स्मरणाच्या मिरवणुकीत या मुली चालत असल्याचा एक फोटो आहे. ज्या शहरात जोनला जाळलं तिथल्या रस्त्यावरून गणवेशातल्या मुली रांगेत चालल्या आहेत आणि दोन्ही बाजूंना फ्रेंच लोक टाचा उंच करून बघतायत.

जुलैमधे जीपला अपघात झाला. मेरी बार्लो आणि मेरी बँकस्टन ८ जुलैला गेल्या, डोलोरेस ब्राउन पाच दिवसांनी. अंत्यसंस्काराला सरकारकडून पैसे मिळाले नाहीत. मुलींनी आपसात वर्गणी काढली. अंत्यविधीच्या कामाचा अनुभव असलेल्या काही जणी पलटणीतच निघाल्या, त्यांनी तिघींचे देह नीट केले. आज नॉर्मंडीच्या अमेरिकन दफनभूमीत ९,३०० हून अधिक कबरी आहेत, त्यात बायकांच्या फक्त चार. चारातल्या तीन या.

ऑक्टोबरात पलटण पॅरिसला गेली. माणसं घरी परतत होती तशी संख्या घटत गेली. मार्च १९४६ मधे न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्सला पलटण बरखास्त झाली. समारंभ नाही, कवायत नाही, भाषण नाही. ज्या सैन्यातून त्या बाहेर पडल्या ते अजून वर्णानुसार विभागलेलंच होतं. तो नियम मोडायचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मधे काढला.

त्यानंतर जवळपास काहीच नाही, आणि तेही बरीच दशकं. का, ते कळायला अवघड नाही. आपलं काम असं की नीट झालं तर कोणाला दिसत नाही. रॉबर्ट स्मिथला पत्र मिळालं तेव्हा त्यानं ते फोडून वाचलं. ते दहा महिने कुठे होतं आणि कोणत्या मुलीनं साडेसात हजारांतून त्याचं कार्ड काढलं, हे त्याला कोण सांगणार? वर ती मुलगी कृष्णवर्णीय. घरी परतल्यावर तिच्या गावच्या बसमधे तिला मागच्याच बाकावर बसायचं होतं.

अ‍ॅडम्सबाईंनी १९८९ मधे आपल्या आठवणी लिहिल्या, त्यामुळे यातलं बरंचसं निदान कागदावर राहिलं. त्या २००२ मधे गेल्या. कॅन्सासमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला पलटणीचं स्मारक उभं राहिलं ते ३० नोव्हेंबर २०१८ ला. मग अमेरिकन संसदेनं त्यांना आपलं सर्वोच्च सुवर्णपदक द्यायचं ठरवलं. प्रतिनिधिगृहात मतं पडली ४२२ विरुद्ध शून्य. कायद्यावर सही झाली मार्च २०२२ मधे आणि पदक प्रत्यक्ष दिलं गेलं २९ एप्रिल २०२५ ला. काम तीन महिन्यांत, पावती ऐंशी वर्षांनी.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली. व्हर्जिनियात फोर्ट ली नावाचा लष्करी तळ आहे. अमेरिकन सैन्यातल्या पुरवठ्याच्या, साठवणुकीच्या, वाहतुकीच्या लोकांचं प्रशिक्षण तिथे होतं. नाव होतं रॉबर्ट ई. लीचं, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या राज्यांच्या बाजूनं लढलेल्या सेनापतीचं. एप्रिल २०२३ मधे ते बदलून फोर्ट ग्रेग-अ‍ॅडम्स केलं. ग्रेग म्हणजे लेफ्टनंट जनरल आर्थर ग्रेग, पुरवठा खात्यातूनच वर आलेले कृष्णवर्णीय अधिकारी, आणि अ‍ॅडम्स म्हणजे आपल्या गणिताच्या बाई. रसदवाल्यांच्या तळाला रसदवाल्यांची नावं. मला हे फारच आवडलं होतं.

२०२५ मधे सरकार बदललं आणि ती पाटी उतरवली. नाव पुन्हा फोर्ट ली. पण कायद्यानं जुन्या सेनापतीचं नाव तर परत देता येत नव्हतं. मग संरक्षण खात्यानं दुसरा ली शोधला. फिट्झ ली, साधा शिपाई, १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात मोठं शौर्यपदक मिळवलेला, आणि कृष्णवर्णीय. माणूस खराच मोठा, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पाटीवर अक्षरं तीच, आणि त्यामागचा माणूस वेगळा. त्या गोदामातल्या कोणाही मुलीकडे नुसतं 'ली' लिहिलेलं पाकीट आलं असतं, तर तिनं आधी सिरियल नंबर बघितला असता.